ओपन सक्शन की क्लोज्ड? ट्यूबवरच्या पेशंटसाठी काय निवडायचं

सक्शन म्हणजे श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून बारीक नळी (कॅथेटर) घालून कफ ओढून काढणं; ते व्हेंटिलेटर सोडवून करायचं (ओपन) की जोडलेला ठेवून (क्लोज्ड), या वादात बहुतेक जण इन्फेक्शनचा मुद्दा आधी काढतात, पण व्हेंटिलेटरमुळे होणाऱ्या न्यूमोनियात दोन्हींमध्ये ठाम असा फरक दिसलेला नाही, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी क्लोज्ड घेत असाल तर परत विचार करा.

खरा फरक सर्किट (व्हेंटिलेटर आणि ट्यूबची जोडणी) तोडण्याचा आहे. ओपनमध्ये पेशंटला व्हेंटवरून काढावं लागतं, की पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसं उघडी ठेवणारा दाब) गेलं, आणि एआरडीएससारख्या गंभीर फुफ्फुसविकारात कडक झालेली फुफ्फुसं असली तर ती मिटतात, सॅचुरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) धाडकन पडतं आणि वर यायला वेळ लावतं. क्लोज्डमध्ये कॅथेटर प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्येच राहतं, व्हेंट चालू राहतो, एकटी सिस्टर सुद्धा करू शकते, शिवाय कफाचे कण बाहेर उडत नाहीत म्हणजे टीबी, कोविडवाल्यांना हेच बरं. पीप जास्त, ऑक्सिजन जास्त किंवा सारखं सक्शन लागतंय तर माझं मत सरळ क्लोज्ड.

पण त्याचे नखरे आहेत. काम झालं की कॅथेटरवरची खूण दिसेपर्यंत पूर्ण मागे ओढायचं, नाहीतर ते ट्यूबमध्येच राहून श्वासाची वाट अडवतं. धुताना आधी सक्शन दाबायचं मग सलाइन सोडायचं, उलटं केलं तर सलाइन थेट छातीत! नंतर सक्शनचं बटण लॉक.

ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन बसवलेली ट्यूब) आहे आणि व्हेंट नाही, तिथे टिकवायला पीपच नाही, मग साधं ओपन पुरतं. स्टराइल ग्लोव्ह, दरवेळी नवं कॅथेटर, जमलं तर मदतीला दुसरं कुणीतरी.

बाकी पथ्यं दोन्हीकडे सारखीच. मोठ्यांमध्ये कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जाड नको, म्हणजे 8 नंबरच्या (आतून 8 मिमी) ट्यूबला 12 फ्रेंचच्या (4 मिमी) वर जायचं नाही. आधी 100 टक्के ऑक्सिजन, प्रेशर 200 एमएमएचजीच्या आत (तेही कमीत कमी जितक्यात काम होईल तितकंच), एका वेळी 15 सेकंदांच्या आत बाहेर. अडेपर्यंत आत ढकलायची सवय असेल तर सोडा, म्युकोसा (श्वासनलिकेचं आतलं नाजूक अस्तर) सोलते आणि कधी कधी हार्ट रेटही पडतो, ट्यूबच्या टोकापर्यंत बहुतेक वेळा पुरतं.

आणि सक्शन घड्याळ बघून दर दोन तासांनी नको, गरज बघून करा: छातीत घरघर, व्हेंटच्या फ्लो ग्राफवर करवतीसारखे दाते, पीक प्रेशर (श्वास आत ढकलताना लागणारा सर्वात जास्त दाब) चढलेलं. प्रत्येक वेळी कफ पातळ करायला ट्यूबमध्ये सलाइन टाकणं पण बंद करा, त्यापेक्षा ह्युमिडिफायर (श्वासाची हवा ओलसर करणारं यंत्र) नीट चालतोय का ते आधी बघा.