निरपराध कैद्याची गोष्ट: ‘द गुड डिटेक्टिव्ह’ पाहावी की ‘डिलेड जस्टिस’?

दोन्ही मालिका दक्षिण कोरियातल्या, दोन्ही २०२० सालच्या, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न: न केलेल्या गुन्ह्यासाठी माणूस तुरुंगात सडतोय, त्याला बाहेर कोण काढणार? कोरियन मालिका पाहणाऱ्यांच्या कानांवर दोन्ही नावं आलेली असतील. सध्या एकीपुरताच वेळ असेल, तर माझं मत सांगतो.

कागदावर ‘डिलेड जस्टिस’चं पारडं जड आहे. तिचा नायक, कॉलेजची पदवी नसलेला वकील, पार्क जुन-यंग या खऱ्याखुऱ्या वकिलावरून घेतला आहे. चुकीच्या शिक्षा झालेल्यांचे खटले पुन्हा उभे करणं हीच त्यांची ओळख. त्यांच्यासोबत काम केलेले पत्रकार पार्क सांग-ग्यू यांनीच मालिका लिहिली आहे. १९९९ साली सामर्ये इथल्या एका दुकानात दरोडा पडला, एक वृद्धा मेली आणि तीन गरीब तरुण आत गेले. ते निर्दोष ठरायला २०१६ साल उजाडलं. मालिकेतल्या तिघांच्या खटल्यावर या प्रकरणाची सावली स्पष्ट दिसते. आणखी एक गोष्ट मला फार हलवून गेली. मालिका चालू असतानाच, डिसेंबर २०२० मध्ये, ह्वासंग खूनसत्रातल्या एका खुनासाठी २० वर्षं तुरुंगात काढलेला माणूस फेरसुनावणीत निर्दोष सुटला. त्याच्या बाजूनेही पार्क जुन-यंगच उभे होते.

एवढं असूनही माझा कौल दुसरीकडे गेला, तो एका खटकणाऱ्या गोष्टीमुळे. मालिकेतला पत्रकार पार्क साम-सू साकारणारे बे संग-वू मध्येच बाहेर पडले आणि शेवटच्या काही भागांत तीच भूमिका जंग वू-संग करू लागले. जंग मोठे नट आहेत, त्यांच्या कामात खोट काढायची नाही. पण या मालिकेचा सगळा जीव वकील आणि पत्रकार यांच्या जोडीत आहे. तो गबाळा, लगेच डोळे भरून येणारा पत्रकार आपल्या ओळखीचा झालेला असतो. कैद्यांच्या घरच्यांसमोर बसलेला आपण त्याला पाहिलेला असतो. गोष्ट शेवटाकडे निघते आणि त्याच नावाने वेगळाच माणूस बोलू लागतो. माझं लक्ष खटल्यातून उडालं ते पुन्हा लागलंच नाही. काहींना हे चालून जाईल. मला नाही चाललं.

‘द गुड डिटेक्टिव्ह’ काल्पनिक आहे, पण एका बाबतीत तिने जास्त अवघड वाट धरली आहे. इथे सोडवायला येणारा बाहेरचा कुणी नाही. फाशीची शिक्षा झालेल्या ली दे-चुलला पाच वर्षांपूर्वी ज्याने पकडलं, त्याच कांग दो-चांगला आता शंका येते. बढतीची वाट पाहणारा, सहकाऱ्यांना धरून राहणारा साधा पोलीस. त्याने स्वतः उभा केलेला खटला स्वतःच पोखरायचा, म्हणजे चौकीतल्या माणसांचा रोष ओढवून घ्यायचा. सोन ह्यन-जू यांनी हे ओझं खांद्यांवरून, चालण्यातून दाखवलं आहे. संवादांची गरज फारशी पडत नाही. जोडीला जांग संग-जोचा ओ जी-ह्यक, थंड डोक्याचा आणि वारशाने श्रीमंत झालेला.

दक्षिण कोरियात फाशी कायद्यात आहे, पण ३० डिसेंबर १९९७ नंतर ती कुणाला दिलेली नाही. त्यामुळे पाहणारा निर्धास्त असतो, आणि मालिकेने नेमका त्याच निर्धास्तपणाला हात घातला आहे. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की पहिले सहा-सात भाग मध्ये मोठा खंड न पाडता पाहा आणि दे-चुलच्या मुलीकडे लक्ष ठेवा.

हिच्यातही उणिवा आहेत. उत्तरार्धात श्रीमंत खलनायकाच्या मागची धावपळ लांबते. खऱ्या चुकीच्या शिक्षांमागे बहुतेकदा असा कुणी सूत्रधार नसतोच. मारहाणीतून काढलेला कबुलीजबाब आणि तो तपासून न पाहणारी माणसं पुरतात. हे ‘डिलेड जस्टिस’ला जास्त नेमकं कळलं आहे, आणि कोर्टातलं कामकाज, फेरसुनावणी मिळवण्यातली दमछाक यात रस असेल तर तीच आधी घ्या. हसू-आसूंची सरमिसळ आवडत असेल तरीही तीच.

मी मात्र विचारणाऱ्याला आधी ‘द गुड डिटेक्टिव्ह’ सुचवतो. १६ भाग आहेत. २०२२ साली आलेल्या दुसऱ्या पर्वात जोडी तीच असली तरी प्रकरण वेगळं आहे, ते सवडीने पाहिलं तरी चालेल.