लग्नसराई, निवडणूक आणि डेबियन १३: डीटीपीच्या दुकानातला वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या बाजूला आमचं टायपिंग, डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. २०२५ च्या गणपतीपासून तिथल्या एक सोडून सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी डेबियन १३ ही फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम आणि त्यावर केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा प्लाझ्मा डेस्कटॉप चालू आहे. कोर्टाच्या टायपिंगची रांग, महापालिकेची निवडणूक आणि लग्नपत्रिकांचा हंगाम, सगळं यावरूनच गेलं. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या परीक्षणांत वॉलपेपर आणि मशीन किती सेकंदांत सुरू होतं एवढंच असतं, दुकानदाराला त्याचा उपयोग नाही. म्हणून थांबून लिहितोय.

बदलायचं कारण पैशाचंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपणार हे ठरलेलं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमची मशीन चौथ्या आणि सहाव्या पिढीतली, एसएसडी आणि जादा रॅम टाकून चालती ठेवलेली. टायपिंगला ती अजून काही वर्षं सहज चालतील. ती भंगारात घालायची हे काही पटेना. केडीईच्या लोकांनी इतरांना सोबत घेऊन नेमकी हीच तारीख धरून ‘एंड ऑफ टेन’ ही मोहीम काढली होती: मशीन फेकू नका, लिनक्स टाका. गंमत म्हणजे १४ ऑक्टोबर हा केडीईचाही वाढदिवस. १९९६ साली त्याच दिवशी मॅथियस एट्रिच या जर्मन विद्यार्थ्याने या प्रकल्पाची घोषणा केली होती.

डेबियनच का, असं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मित्राने विचारलं. त्याचं म्हणणं, “भावा, ह्यात सगळं जुनं मिळतंय. ताजं काहीतरी घे की.” खरं आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी एकदा येते आणि एकदा आली की आतली सॉफ्टवेअर गोठतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, नवी सोय मात्र येत नाही. मला तेच हवं होतं. मार्च २०२४ मधली एक्सझेडची भानगड आठवत असेल. फाइल लहान करणाऱ्या या छोट्या लायब्ररीत कुणीतरी दोनेक वर्षं सज्जन मदतनीस म्हणून वावरून चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला रिमोट लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, त्याने माग काढला आणि २९ मार्चला ते जाहीर केलं. तोवर तो माल डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांत पोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता. ज्याच्या मशीनमध्ये पक्षकारांची कागदपत्रं पडून आहेत त्याला जुनाट मालाची किंमत तिथे कळते.

या गोठण्याची दुसरी बाजूही आहे. डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला, आत प्लाझ्मा ६.३. तेव्हा ६.४ जूनमध्येच बाहेर पडलं होतं. मग २१ ऑक्टोबरला ६.५ आलं आणि त्यात कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर कायमचा पिन करून ठेवायची सोय होती. पत्रिकेच्या कामात ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि ‘हेच आग्रहाचे निमंत्रण’ दिवसातून किती वेळा चिकटवावं लागतं ते डीटीपीवाल्यांना सांगायला नको. मी ही बातमी उत्साहाने आमच्या टायपिंगच्या ताईंना सांगितली.

“मग आपल्यात कधी येणार दादा?”

“पुढच्या डेबियनला. सत्तावीस सालाच्या आसपास.”

“तवर माझ्या पोरीच्या पत्रिका छापून व्हायच्या.”

तेव्हापासून या सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेची किंवा नव्या आवृत्तीची बातमी वाचताना मी दोन प्रश्न विचारतो: हे जाहीर कधी झालं, आणि माझ्या काउंटरवर कधी पोचणार? दोन्हींत वर्ष-दोन वर्षांचं अंतर असतं. हे अंतर लक्षात ठेवलं तर अशा बातम्या दुकानाला फार कामाच्या आहेत. पुढे काय काय बंद होणार, हे त्यातूनच कळतं.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण वेलँडचं. स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था एक्स११, नवी वेलँड. डेबियन १३ मध्ये लॉगिन करताना दोन्हींतली निवडता येते. २६ नोव्हेंबर २०२५ ला प्लाझ्माच्या लोकांनी जाहीर केलं की ६.८ पासून एक्स११ चं सेशन नसेल, जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड या मधल्या दुव्यातून चालत राहतील. वाचून मी ताईंच्या मशीनकडे बघितलं. त्या टाइपरायटरवर शिकलेल्या. इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्ड, शिका म्हटलं तर “ह्या वयात?” म्हणतात. त्यांच्यासाठी एफसिटिक्स५ या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून एम१७एन या ले-आउटच्या संचातला रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरचा ले-आउट लावलाय. त्या यादीत मराठीचे बरेच प्रकार आहेत, आपल्याकडे रुळलेलं, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं गमभनसुद्धा. एक्स११ वर हे गुपचूप चालतं. वेलँडवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या नावाखाली एफसिटिक्स५ निवडावं लागतं. खराखुरा कीबोर्ड समोर असताना ती सेटिंग तिथे असेल हे माणसाला सुचत नाही. निवडलं की मात्र नीट चालतं. मी स्वतः इनस्क्रिप्टवाला आहे. त्याला काहीच बसवावं लागत नाही, कीबोर्डच्या यादीत मराठी घेतलं की झालं.

सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गला केडीईची वार्षिक परिषद, अकॅडेमी, झाली. तिथे पुढच्या दोन वर्षांची तीन उद्दिष्टं ठरली आणि त्यातलं एक सरळ इनपुटचं होतं: कीबोर्ड, ड्रॉइंग टॅबलेट, आणि आपल्यासारख्यांच्या लिप्यांसाठी लागणाऱ्या इनपुट मेथड. इंग्रजीतच टाइप करणाऱ्याला हा विषय किरकोळ वाटेल. आमच्याकडे रोजचा गल्ला त्यावर आहे. २०२५ ची अकॅडेमी बर्लिनला झाली, तिथे सगळा गाजावाजा ‘केडीई लिनक्स’ या त्यांच्या स्वतःच्या नव्या सिस्टिमच्या पहिल्या चाचणी आवृत्तीचा. ती दुकानासाठी नाही, घरी खेळायला घ्या.

आता रोजचं काम. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आमच्या इथे सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं आणि टायपिंगचं काम एकदम वाढलं. वकील मंडळी फाइल पाठवतात वर्डमध्ये, आम्ही उघडतो लिब्रेऑफिस २५.२ या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये. इंग्रजी मसुद्याला त्रास नाही, कारण टाइम्स न्यू रोमनच्या जागी जो लिबरेशन सेरिफ येतो त्यातल्या अक्षरांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवलेली आहे. ओळ तिथेच तुटते, पान तिथेच संपतं, अनुक्रमणिकेतले पान नंबर हलत नाहीत. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कँब्रियासाठी कॅलॅडिया आहेत, ते मात्र आठवणीने बसवून घ्या.

मराठी मसुद्याचं असं नाही. मंगल किंवा निर्मला यूआयमध्ये टाइप केलेली फाइल आमच्याकडे नोटो या फॉन्टमध्ये उघडली की पानं सरकतात. आता नियमच केलाय, मराठी फाइल पक्की झाली की पीडीएफ काढायची आणि तीच फिरवायची. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि इंग्रजीचा फॉन्ट वेगवेगळे धरले जातात, आकारसुद्धा. कुणी स्टाइलमध्ये जाऊन एकच बदलला तर दुसरा जागचा हलत नाही आणि नवा माणूस डोकं धरून बसतो. उलट एक गोष्ट मनापासून आवडली. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी लावली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. नोटोत हे आहे. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच केलेला आहे, निमंत्रणपत्रिकेत फार देखणा दिसतो. ठळक मथळ्याला ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू. सगळे खुल्या परवान्याचे, त्यामुळे छापायला कुणाला विचारायला नको.

१५ जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानाआधीचे दिवस म्हणजे या सगळ्याची खरी परीक्षा. फ्लेक्सचं काम गिम्प ३.० या फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरवर केलं. हे ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, आधीचं २.१० होतं एप्रिल २०१८ चं. सात वर्षं लोकांनी परिषदा-परिषदांतून त्याच्या गप्पा ऐकल्या, थट्टाही केली. आल्यावर मला दोन गोष्टी कामाच्या वाटल्या. अक्षरांना जाड कड देता येते आणि नंतरही मजकूर बदलता येतो. उमेदवाराच्या नावामागे ‘भैय्या’ लावायचं की ‘दादा’ हे रात्री अकराला ठरतं, तेव्हा ही सोय देवासारखी वाटते. दुसरं, फिल्टर लावल्यावर मूळ चित्र शाबूत राहतं.

ऑफसेटच्या पत्रकांचं मात्र एका दमात होत नाही. इंकस्केप १.४ वेक्टर चित्रांना उत्तम, पण सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, फाइल नीट काढत नाही. प्लेटवाला आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, फाइल हातात घेत नाही आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून चित्र इंकस्केपला करायचं, अक्षरांचे कर्व्ह करायचे (म्हणजे फॉन्ट नसला तरी आकार तसाच राहतो), मग ते स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून तिथे रंग सीएमवायकेत बदलायचे आणि ब्लीड, कटिंग मार्कसकट पीडीएफ काढायची. स्क्रायबस १.६ मध्ये देवनागरी जोडाक्षरं व्यवस्थित लागतात. आत हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी आहे, लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सलाही तेच अक्षरं जुळवून देतं. ज्यांनी स्क्रायबसची जुनी १.४ आवृत्ती बघून मराठीसाठी नाद सोडला होता त्यांनी पुन्हा बघावं. पण खरं सांगतो, ज्याचा हात कोरलड्रॉवर बसलाय त्याला ही दोन सॉफ्टवेअरची येरझार चिडवते. निवडणुकीच्या घाईत आमच्या पोराने दोनदा मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सुस्कारा टाकला.

आणि म्हणून ते एक मशीन विंडोजवर ठेवलंय, इंटरनेटची वायर काढून. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिकांचा साठा कोरलच्या फाइलींत आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. इंकस्केप अशा फाइली उघडतं, पण तो फॉन्ट बसवलेला नसेल तर वधूपित्याच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. हिशोबाचं सॉफ्टवेअरही तिथेच. छोटा जुना लेझर प्रिंटरही त्यालाच जोडलाय, कारण त्याचं लिनक्सचं ड्रायव्हर धड चालत नाही. नेटवर्कवरचा नवा प्रिंटर मात्र डेबियनने काही न विचारता ओळखला. प्रिंटर घेताना ड्रायव्हरशिवाय चालणारा, आयपीपीवाला आहे का तेवढं विचारा. छपाईची व्यवस्था सांभाळणाऱ्या कप्सच्या ३.० मध्ये जुन्या पद्धतीचे ड्रायव्हरच नसतील हे ती मंडळी बरीच वर्षं सांगताहेत. आज घेतलेला प्रिंटर दहा वर्षं वापरायचा असेल तर ही बातमी आजच ऐकलेली बरी.

फोन आणि मशीन जोडणाऱ्या केडीई कनेक्टबद्दल एकच ओळ: दुकानाच्या फोनवर आलेले आधारचे फोटो एका टिचकीत मशीनवर येतात, त्यासाठी तरी प्लाझ्मा बसवा.

मराठीत मेनू लावून बघितले आणि आठवड्यात इंग्रजीवर परत आलो. केडीईचं भाषांतर अर्धवट आहे, एका खिडकीत दोन भाषा दिसतात. वुर्झबर्गच्या तीन उद्दिष्टांतलं आणखी एक होतं नवी माणसं जोडायचं. त्याचा अर्थ आपल्यापुरता असा की हे भाषांतर जर्मनीतून कुणी येऊन करणार नाही. डेबियनची जागतिक परिषद २०२३ ला कोचीला झाली. केरळातल्या शाळांत मुलं लिनक्सवर शिकतात, तिथे ती होणं साहजिक. केडीईचा भारतातला मेळावा एप्रिल २०२५ मध्ये गांधीनगरला झाला. मुक्त सॉफ्टवेअरची इंडियाफॉस परिषद बंगळुरूला भरते, म्हणजे आपल्याला रात्रीच्या बसचा प्रवास. ब्रुसेल्सच्या फॉसडेम या तशाच मोठ्या परिषदेला प्रवेश फुकट आहे, नावनोंदणीही नाही. तिकडे कोण जातंय, पण भाषणांची रेकॉर्डिंग मिळतात, दुपारी गिऱ्हाईक नसताना दीडपट वेगाने ऐकतो.

आमच्यासारख्या दुकानाने हे घ्यावं का? टायपिंग, स्कॅन, पीडीएफ, फ्लेक्स एवढंच असेल तर डोळे झाकून घ्या. ऑफसेट आणि जुन्या पत्रिका असतील तर एक जुनं मशीन बाजूला ठेवा आणि कर्व्ह करायची सवय लावा. ई-टेंडरची डिजिटल सहीची डोंगल रोज लागत असेल तर ती चालते का ते आधी उसन्या लॅपटॉपवर बघा, मग बाकीचं ठरवा. डेबियन १३ ची सुरक्षा ऑगस्ट २०२८ पर्यंत, त्यापुढे एलटीएस, म्हणजे लांबवलेला सपोर्ट, जून २०३० पर्यंत. तोवर आमच्याकडच्या मशीनचे पॉवर सप्लाय टिकतात का बघायचं. मधल्या काळात ताईंना वेलँडवर रेमिंग्टनची सवय करायचीय, त्याला लग्नसराई संपल्यावर मुहूर्त.