'द वेव्ह'च्या खात्रीशीर परमिटच्या नावाखाली झालेली फसवणूक

अमेरिकेत युटा आणि ॲरिझोना यांच्या सीमेवर वालुकाश्माच्या लाल-केशरी लाटा गोठून राहिल्यासारखी 'द वेव्ह' ही जागा आहे. ती दाखवून तिथेच तंबूत मुक्कामाची सोय करतो, असे सांगून नागपुरातील एका सहल आयोजकाने विमानभाडे व हॉटेलखर्चाव्यतिरिक्त 'परमिट आणि कॅम्पिंग' म्हणून आमच्याकडून दरडोई ४५,००० रुपये घेतले. तिकिटे आणि हॉटेलचे आरक्षण खरे निघाल्यामुळे उरलेल्या कागदांविषयी शंका येण्याचे कारणच नव्हते.

त्या भागातल्या कॅनॅब गावात, परमिटचे काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात काउंटरवरच्या बाईंनी आमचे परमिट हातात घेतले आणि प्रथम तारखेवर बोट ठेवले. अमेरिकेत महिना आधी लिहितात, इथे मात्र आपल्या पद्धतीने दिवस आधी छापला होता. गटप्रमुखाच्या नावाच्या जागी आयोजकाच्या संस्थेचे नाव होते, परमिटचा क्रमांक त्यांच्या नोंदीत कुठेच नव्हता, आणि 'दोन रात्री मुक्काम' असे ज्या भागासाठी लिहिले होते, तिथे रात्री थांबायला मुळातच मनाई आहे.

'द वेव्ह'साठी दररोज जास्तीत जास्त ६४ जणांनाच परवानगी मिळते आणि तीही सोडतीतून. बहुतेक जागांसाठी सुमारे चार महिने आधी सरकारी संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो, ९ डॉलरचे अर्जशुल्क नंबर लागला नाही तरी परत मिळत नाही आणि मिळालेले परमिट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्यामुळे जो कोणी 'परमिट खात्रीने काढून देतो' म्हणतो, त्याचे ते वाक्यच खोटे असते.

पैसे गेल्याचे दुःख आहेच, परंतु अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीबाबत आयोजकाने दिलेल्या सल्ल्याचा मला अधिक संताप येतो. 'गाइडचा खर्च वाचवा, पहाटे स्वतःच आत जा,' असे त्याने सांगितले होते. ही घळ नवाहो या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांच्या भूमीवर असून तिथे गाइडशिवाय प्रवेशच मिळत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी काही मैलांवर पडलेल्या पावसाचे पाणी अचानक या घळीत शिरले आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. आम्हाला जुलैत, म्हणजे तिथल्या पावसाळ्यातच, पाठवणाऱ्या माणसाने आमच्या जिवाचीही पर्वा केली नव्हती.

परत आल्यावर आयोजकाकडून 'ऐनवेळी तिथले नियम बदलले' असे उत्तर मिळाले आणि नंतर फोन उचलणेच बंद झाले. रक्कम त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने मागितली गेली होती आणि पावतीवर 'सहल खर्च' एवढेच लिहिलेले आहे. कोणत्या परमिटचे किती, याचा तपशील नाही. म्हणून परमिट दाखवले गेले की पैसे देण्यापूर्वीच त्याचा क्रमांक ते देणाऱ्या कार्यालयाकडून ईमेलने पडताळून घ्यावा आणि शुल्काचे वेगळे बिल मागावे.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. अशा परमिटसाठी ज्यांनी पैसे भरले असतील, त्यांनी पावती, चॅट आणि बनावट कागद जपून ठेवून दोन वर्षांची मुदत संपण्याआधी तक्रार द्यावी.