इंडियाना पेसर्स, सीझन २०२४-२५ : पूर्ण वापरानंतरचा अनुभव (रिबाउंड सोडून)

परवा बँकेचा मेसेज आला. ज्या ऑनलाइन पासवर मी गेला सीझनभर एनबीएतला (अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला) पेसर्स हा संघ बघितला तो आपणहून रिन्यू झाला होता आणि पैसे कापलेसुद्धा गेले होते. एकाच संघाचा पास, म्हणजे सगळ्या संघांच्या पासपेक्षा स्वस्त, पण पैसे ते पैसेच. आणि कापले कशासाठी? संघाचा खेळ चालवणारा पॉइंट गार्ड टायरीस हॅलिबर्टन ज्या सीझनमध्ये एकही सामना खेळणार नाही असं क्लबने जुलैतच जाहीर केलंय, त्या २०२५-२६ च्या सीझनसाठी. सेंटर माइल्स टर्नर तर मिलवॉकीच्या संघात निघूनच गेला. पाना गेला, पकड गेली, पेटी तेवढी आली घरी.

म्हणून हा रिव्ह्यू. ५० विजय, ३२ पराभव, लीगच्या पूर्व विभागात चौथा क्रमांक, फायनलच्या सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीकडून हार, हे सगळं माहीत आहे असं धरून लिहितोय.

आधी हा संघ का घेतला ते. लेकर्स आणि वॉरियर्स या गाजलेल्या संघांच्या सामन्यांचे तुकडे तसेही दिवसभर फुकटात डोळ्यांवर आदळत असतात. त्यांचा पास घ्यायचा म्हणजे फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे मोजायचे. ज्यांचं कोणी काही दाखवत नाही अशा संघाचा पास घेतला तरच पैसे वसूल होतात. शिवाय पेसर्स मुळातच काटकसरी, हे मला भावलं होतं. १९७६ मध्ये एबीए ही दुसरी लीग गुंडाळली गेली आणि चार संघ एनबीएत आले, तेव्हा प्रत्येकाला ३२ लाख डॉलर प्रवेश फी भरावी लागली, वर चार वर्षं टीव्हीच्या पैशांत वाटा नाही. एबीएची तीन विजेतेपदं नावावर असलेल्या या संघाला पुढच्याच वर्षी, १९७७ च्या जुलैमध्ये, टीव्हीवर मॅरेथॉन कार्यक्रम करून लोकांना सीझन तिकिटं घ्या म्हणून विनवावं लागलं. आठ हजारांचं लक्ष्य होतं, ते गाठलं म्हणून संघ शहरात राहिला. मालक हर्ब सायमन १९८३ पासून आहेत आणि २०२५ पर्यंत जवळपास वीस वर्षं या क्लबने लक्झरी टॅक्स, म्हणजे पगाराची ठरलेली रेषा ओलांडली की लीगला भरायचे पैसे, भरलेला नव्हता. म्हटलं, ही आपली माणसं.

सुरुवातीचा अनुभव वाईट. १० विजय, १५ पराभव. पहिल्याच सामन्यात जेम्स वाइजमनचं अकिलीस (टाचेमागची कंडरा) तुटलं आणि आठवडाभराने, नोव्हेंबर उजाडताच, आयझाया जॅक्सनचं. दोघेही टर्नरच्या मागचे सेंटर, दोघेही त्याच दुखापतीने सीझनबाहेर. मग डिसेंबरात मायामीकडून थॉमस ब्रायंटला आणलं, ते अर्थातच स्वस्तात. तेव्हा मला विचारलं असतं तर पाचापैकी दीड स्टार दिला असता, तोही राखीव गार्ड मॅककॉनेलच्या धावपळीकडे बघून.

आता मुख्य तक्रारीवर येतो. हा परिच्छेद लांबणार आहे, ज्यांना रिबाउंडमध्ये, म्हणजे शॉट चुकून उडालेला चेंडू पकडण्यात, रस नाही त्यांनी पुढे सरकावं.

टर्नर सहा फूट अकरा इंच. सामन्यामागे रिबाउंड साडेसहा. तिकडे न्यूयॉर्क निक्सचा जॉश हार्ट, साडेसहा फुटांनाही न पोचणारा गडी, सामन्यामागे साडेनऊच्या वर. याचं कारण मला कळत नाही असं नाही. टर्नर थ्री (लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट) मारतो, चाळीस टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे समोरच्या सेंटरला रिंग सोडून बाहेर यावं लागतं आणि हॅलिबर्टनला आत मोकळं मैदान मिळतं. सगळा वेग त्याच्यावर चालतो. पण जो माणूस थ्रीच्या रेषेबाहेर उभा आहे तो रिंगखाली पडणारा चेंडू कसा उचलणार? बचावात तर आणखी गंमत. हा ब्लॉकला उडतो. उडतो छान, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त ब्लॉक याच्याच नावावर आहेत. पण ब्लॉक हुकला की हा हवेत, याचा माणूस मोकळा, आणि रिंगवरून उडालेला चेंडू अलगद त्या मोकळ्या माणसाच्या हातात. चोवीस सेकंद छान बचाव करायचा आणि मग समोरच्याला शॉटसाठी परत चौदा सेकंद बहाल करायचे. मी पहाटे उठून हे बघत होतो. आणि जखमेवर मीठ म्हणजे डोमांटास सबोनिस. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याला सॅक्रामेंटोला देऊन हॅलिबर्टन आणला. सौदा उत्तम, त्याबद्दल शब्द नाही. पण तो सबोनिस तिकडे जाऊन सलग तीन सीझन लीगमध्ये रिबाउंडला पहिला आला. सलग तीन! आपण दिलेली वस्तू शेजारी नीट चालताना दिसली की जे होतं ते होतं.

जानेवारीपासून चित्र बदललं. तेव्हाच माझं मत पहिल्यांदा हललं. पॅरिसच्या दोन सामन्यांत पहिला सॅन अँटोनियोने ३० गुणांनी घेतला, दुसरा पेसर्सने ३८ गुणांनी. असला संघ कसा रेट करायचा? पण हळूहळू लक्षात आलं की हे लोक सामना जिंकत नाहीत, समोरच्याला दमवतात. चेंडू हातात आला की पळायचं, आणि टोपली पडली तरी समोरच्याला ९४ फूट पूर्ण कोर्टभर चिकटायचं. दहा जण आळीपाळीने हेच करणार. पहिल्या क्वार्टरमध्ये हे बिनकामाचं वाटतं. चौथ्यात समोरच्या संघाचे हात कमरेवर गेलेले दिसतात. हॅलिबर्टनचे सामन्यामागे नऊच्या वर असिस्ट आणि टर्नओव्हर दोनाच्याही आत. एवढ्या वेगात चेंडू न सांडणं ही माझ्या मते सीझनमधली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि एप्रिलमध्ये खेळाडूंच्या निनावी मतदानात त्यालाच ‘सर्वांत ओव्हररेटेड’ ठरवलं. ठरवोत. आमचा गार्ड नेम्बहार्ड ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) दुसऱ्या फेरीतला पहिला पिक, म्हणजे सर्वसाधारण ३१ वा, आणि बचावाला लीगमधला कोणताही गार्ड त्याच्या अंगावर सोडा. स्वस्त आणि टिकाऊ. फॉरवर्ड सियाकाम मात्र स्वस्त नव्हता, त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीचे तीन पिक गेले आणि मग १८ कोटी ९० लाख डॉलरचा करार. तिथे हात सैल सोडला ते बरं केलं. पूर्वेच्या फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच.

प्लेऑफबद्दल सगळं लिहून झालंय सगळ्यांचं, मी फक्त माझ्या कामाचं लिहितो. मिलवॉकीविरुद्ध पाचव्या सामन्यात ओव्हरटाईमची चाळीस सेकंद उरलेली, सात गुण मागे, जिंकले एका गुणाने. त्याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात डेमियन लिलार्डचं अकिलीस गेलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. मग क्लीव्हलँड, ६४ सामने जिंकून आलेला संघ. दुसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला पेसर्स सात गुणांनी मागे. त्यांचे मोब्ली, गार्लंड बाहेर होते, मान्य. पण शेवट बघा. हॅलिबर्टन फ्री थ्रोला. पहिला पडला, दुसरा चुकला. आणि चुकलेल्या चेंडूवर कोण झेपावलं? हॅलिबर्टन स्वतः. स्वतःचा रिबाउंड स्वतः घेतला, चेंडू थ्रीच्या बाहेर नेला, मागे सरकून मारला. १.१ सेकंद शिल्लक, १२०-११९. सगळे त्या थ्रीबद्दल बोलतात. मी म्हणतो, सीझनचा सर्वोत्तम रिबाउंड पॉइंट गार्डने घेतला, यात माझी सगळी तक्रार आली.

पूर्वेच्या फायनलमधला निक्सविरुद्धचा पहिला सामना मला नीट बघताच आला नाही आणि तो राग अजून आहे. मी थोडा उशिरा सुरू करून मागून बघत होतो. पासच्या ॲपमध्ये स्कोअर लपवायचं बटण आहे, ते चालू होतं. तीन मिनिटांहून कमी वेळ, चौदा गुण मागे, आमचा नेस्मिथ थ्रीमागून थ्री मारतोय, मी खुर्चीच्या टोकावर, आणि त्याच ॲपचं नोटिफिकेशन वरून घसरत आलं : पेसर्स ओव्हरटाईममध्ये विजयी. हॅलिबर्टनचा शेवटचा शॉट रिंगच्या मागून उंच उडाला आणि आत पडला तेव्हा तो पडणार हे मला आधीच माहीत होतं. त्याने गळ्याला हात लावून पेसर्सचा जुना स्टार रेजी मिलर याची १९९४ ची नक्कल केली, खुद्द मिलर तिथे कॉमेंट्रीला होता, आणि मी ते उद्याचं वर्तमानपत्र वाचून बसल्यासारखं बघतोय. शिवाय रिप्लेत दिसलं की पाय रेषेवर होता, थ्री नव्हे, दोनच. म्हणून ओव्हरटाईम. १३८-१३५. पासला इथे अर्धा स्टार कापला, तो अजून परत दिलेला नाही.

फायनलचा पहिला सामना मात्र थेट बघितला. चौथ्या क्वार्टरमध्ये पंधराने मागे, तोवर पूर्ण सामन्यात एकदाही आघाडी नाही. ओक्लाहोमाच्या शाई गिल्जस-अलेक्झांडरचा शॉट चुकला, चेंडू पेसर्सकडे, आणि आमचे कोच रिक कार्लाइलने टाईमआऊट घेतला नाही. हा निर्णय शंभर पैकी शंभर. टाईमआऊट घेतला असता तर ओक्लाहोमाचा बचाव लागला असता, नुसतं पळू दिलं म्हणून हॅलिबर्टनला जागा मिळाली. ०.३ सेकंद शिल्लक असताना १११-११०. तेवढ्यातही समोरच्याला झेल घेऊन मारायची कायदेशीर मुभा असते, ०.२ ला नसते, त्यामुळे मी शेवटपर्यंत श्वास सोडला नव्हता. गंमत म्हणजे त्या दिवशी ओक्लाहोमाने उंच सेंटर हार्टेनस्टाइनला सुरुवातीच्या पाचांत न घेता छोट्या उंचीचा संघ उतरवला होता आणि पेसर्सनी रिबाउंडमध्ये त्यांना मागे टाकलं. म्हणजे जमतं. मग सीझनभर काय करत होतात?

पाचव्या सामन्यात हॅलिबर्टनची पोटरी दुखावली. सहावा पेसर्सनी १०८-९१ असा सहज घेतला. २२ जूनचा सातवा सामना : हॅलिबर्टनचे तीन थ्री पडले, वाटलं आज काहीतरी होतंय, आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये चेंडू घेऊन पुढे झेपावताना तो खाली पडला. उजवं अकिलीस. एका संघाची एका सीझनमधली तिसरी केस. हाफटाईमला ४८-४७ असे पेसर्स एका गुणाने पुढे होते हे मी अजून लोकांना सांगतो. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये सामना निसटला. १०३-९१.

इथपर्यंत असता तर साडेचार स्टार देऊन गप्प बसलो असतो. पण विक्रीनंतरची सेवा हा भाग राहिला. जुलैच्या पहिल्या तारखेला बातमी : टर्नर मिलवॉकीत, चार वर्षं, सुमारे १० कोटी ७० लाख डॉलर. दहा सीझन या एका क्लबसाठी खेळलेला माणूस. त्याला ठेवायचं तर टॅक्सची रेषा ओलांडावी लागत होती. मिलवॉकीने जागा कशी केली तर लिलार्डला मोकळं करून त्याचे उरलेले ११ कोटींहून जास्त डॉलर पाच वर्षांत फेडायचे ठरवले. म्हणजे आमच्याशी खेळताना ज्याचा पाय गेला त्याला सोडून त्यांनी आमचाच सेंटर नेला. आता माझ्यासारख्या चिकट माणसाने काय म्हणावं? टॅक्स भरू नका हे माझंही तत्त्व. पण काटकसर म्हणजे नको ते न घेणं. फायनलला नेलेला संघ वर्षभर नीट सांभाळायला पैसे काढायचे नाहीत, ही वेगळी गोष्ट आहे. आणि हो, टर्नरचा रिबाउंडचा हिशेब माझ्याकडे अजून उधार आहे, तो गेला म्हणून माफ होत नाही. पण थ्री मारणारा आणि ब्लॉक करणारा सेंटर बाजारात असाच मिळत नाही, हे क्लबला माझ्यापेक्षा आधी कळायला हवं होतं.

पासवाल्यांचं सांगायचं राहिलं. मी लिहिलं, मला न विचारता रिन्यू का केलं, पैसे परत द्या. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी लिहिलं, अभिप्राय नाही, तक्रार आहे. उत्तर आलं, अटींमध्ये नमूद केल्याप्रमाणे. मी अटी वाचल्या, खरंच नमूद आहे, तळाला, बारीक अक्षरात. पुढच्या वर्षीचं ऑटो-रिन्युअल तेवढं बंद करता आलं, तेही चार पानं आत जाऊन. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवशीच बंद करा. आणि नोटिफिकेशन फोनच्या सेटिंगमधूनच मारा, ॲपमधल्या बटणावर विसंबू नका.

पैसे गेलेच आहेत तर बघणार. आमच्या राखीव गार्ड मॅथुरिनला आता जास्त चेंडू मिळेल. फायनलच्या तिसऱ्या सामन्यात त्याने बेंचवरून येऊन २७ मारले होते, त्यामुळे उत्सुकता आहे. जॅक्सन अकिलीसवरून परत येतोय. आणि टर्नरच्या जागेसाठी मेम्फिसकडून जे हफला आणलंय, सात फूट एक इंच, थ्री मारतो, ब्लॉक करतो, पगार किरकोळ. आकडे काढून बघितले. गेल्या सीझनला मेम्फिसमध्ये सामन्यामागे बारा मिनिटं खेळला, रिबाउंड दोन.