घटक निवडीचा सल्ला : आमच्या भरती अकादमीचा अनुभव

तालुक्यातील एका पोलीस भरती अकादमीत मी सहा महिने सराव केला. तेथे सर्वांत मोलाचे काही मिळाले असेल, तर ते घटक, म्हणजे ज्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात अर्ज करायचा ते दल, निवडण्याचे मार्गदर्शन. शिपाई पदासाठी एकाच घटकात अर्ज भरता येतो, म्हणून एकूण जागांच्या आकड्याला न भुलता आपल्या प्रवर्गाच्या जागा किती आणि मागील मेरिट कुठे थांबले, हे सरांनी वहीत रकाने आखून, पेन्सिलीने एकेक जिल्हा खोडत दाखवले. शारीरिक चाचणीत १६०० मीटर धावण्याला २० गुण, तर १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. माझा गोळा कमी पडत असल्याने मुंबईचा हट्ट मी सोडला. दमदार धावणाऱ्या मित्राला त्यांनी ५ किलोमीटर धाव असलेल्या राज्य राखीव पोलीस बलाकडे वळवले. गणिताचे तास मात्र वारंवार बुडत, आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असताना ही उणीव मला गंभीर वाटते.