बाबांच्या वेळी आम्ही जे विचारलं नाही

बाबा गेले ते गेल्या मार्गशीर्षात, रात्री पावणेदोनला, इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात. दादा बंगळुरूला, आई घरी, आणि आयसीयूच्या दाराशी मी आणि माझा एकोणीस वर्षांचा मुलगा. डॉक्टरांनी सांगून पंधरा मिनिटंही झाली नसतील, तोच एक वॉर्डबॉय जवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, आगे की व्यवस्था हो गई क्या?"

त्याने फोन लावलेला माणूस दहा मिनिटांत समोर हजर. हात जोडून उभा राहिला. बाबांचं वय विचारलं, आईची तब्येत कशी आहे ते विचारलं. मग म्हणाला, एकवीस हजारांत सगळं होईल, तुम्ही फक्त आईंना सांभाळा. मी विचारलं, सगळं म्हणजे काय काय? तो म्हणाला, "बाबूजी का आखिरी काम है दीदी, इसमें हिसाब क्या करना."

मी गप्प झाले. बाबा आयुष्यभर बँकेत होते, भाजीचे पैसेसुद्धा रात्री डायरीत लिहायचे. त्यांची मुलगी असून त्या क्षणी मला वाटलं की आता दर विचारणं म्हणजे त्यांचा अपमान करणं. हे लिहितेय ते त्या एका क्षणासाठी. पुढचं सगळं तिथूनच घडत गेलं.

पैशांचं नंतर सांगते. आधी डोळ्यांचं.

बाबांनी नेत्रदानाचं घरात अनेकदा सांगितलं होतं. मी त्या माणसाला म्हटलं की आधी नेत्रपेढीला फोन करायचाय. तो लगेच म्हणाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना, मग घेत नाहीत. शिवाय टीम येईपर्यंत सकाळ होईल, तोवर तुम्हाला इथून निघता येणार नाही. त्याला घाई होती, कारण त्याची गाडी खाली उभी होती. मी त्याचं ऐकलं.

यातलं काहीच खरं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याचे डोळे देता येतात. चष्मा असो, मधुमेह असो, रक्तदाब असो, अडत नाही. काही संसर्ग आणि रक्ताचा कर्करोग असेल तर घेत नाहीत, पण ते ठरवणं नेत्रपेढीच्या लोकांचं काम, गाडीवाल्याचं नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, काढावं लागतं. टीम रुग्णालयात येते तशी घरीही येते, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही आणि एक रुपयाही लागत नाही. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. टीम येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची, एवढंच. अवयवदानासाठी इंदूरमध्ये ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव वेळेत पोचावा म्हणून रस्ता मोकळा करणं, कितीदा झाले, आपण सगळ्यांनी ते वर्तमानपत्रात अभिमानाने वाचलं. त्याच शहरात माझ्या बाबांचे डोळे एका दलालाच्या घाईपायी जळून गेले. पैसे गेल्याचं दुःख कमी होत गेलं. हे होत नाही.

आम्ही पूर्वी रामबागेत राहायचो. वाड्यात कुणी गेलं तर कुणाला काही विचारावं लागत नसे. तिरडी बांधणारे ठरलेले असत, एकजण टालावर लाकडं बघायला जाई, एकजण गुरुजींकडे, आणि पैशांचं सगळं कुणीतरी शेजारचे काका सांभाळत. घरच्यांना आकडा तेराव्यानंतर कळायचा आणि तो खरा असायचा. आता आम्ही बायपासकडच्या टाउनशिपमध्ये आहोत. सातव्या मजल्यावर बांबूच्या कामट्या कुठून आणायच्या, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या माणसाचा धंदा नेमका या पोकळीवर चालतो.

दादा दुपारच्या विमानाने येणार होता, म्हणून फ्रीजर आला. एकवीस हजारांत तो धरलाय का, हे मी विचारलं नाही. गुरुजींचंही तसंच. आमचे घरचे गुरुजी एका फोनवर आले असते, पण "पंडितजी पॅकेज में हैं" म्हटल्यावर मी फोन केला नाही. आलेल्या पंडितजींना आमची पद्धत ठाऊक नव्हती, यात त्यांचा दोष नाही. मडकं फोडलं तो दगड त्यांनी बाजूला फेकून दिला. आपल्यात तो अश्मा, जीवखडा, दहाव्यापर्यंत जपतात. माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका काठी टेकत वाकून राखेत आणि खडीत तो शोधत राहिले. सापडला तेव्हा त्यांनी तो रुमालात बांधला आणि कुणाशी एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला मुक्तिधामात, म्हणजे स्मशानात, गेलो. तिथे भिंतीवर लाकडाचे आणि कंड्यांचे, म्हणजे गोवऱ्यांचे, दर लिहिलेले होते. दादाने सहज नोंदवही बघायला मागितली. बाबांच्या नावापुढे साडेतीन क्विंटल लाकूड लिहिलेलं होतं.

त्याच दुपारी उठावणा, म्हणजे सांत्वनासाठी लोकांनी जमायचं, होतं. पाहुणे यायला सुरुवात झाली, जोडे-चपलांनी लिफ्टपर्यंतची जागा भरली, आणि बरोबर तेव्हा तो माणूस बिल घेऊन दारात आला. मूळ एकवीस हजार. फ्रीजर साडेतीन हजार. "जादा लाकूड, तूप, चंदन" नऊ हजार, आणि त्यात लाकूड सहा क्विंटल लिहिलेलं. गाडी थांबवल्याचे अडीच हजार. पंडितजी 5,100. मृत्यू प्रमाणपत्र आणि कागदपत्रं पाच हजार. वर 18 टक्के जीएसटी, 8,298. एकूण 54,398 रुपये.

दादाला नोंदवहीतले साडेतीन क्विंटल सकाळपासून डोक्यात होते. तरीही त्याने पैसे दिले. आई आत पांढरी साडी नेसून बसली होती आणि दारात आवाज चढवायची कुणाची इच्छा नव्हती. ती वेळ त्या माणसाने मुद्दाम निवडली होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पैसे गेले ते एका मोबाइल नंबरवर. बिल साध्या कागदावर, वर ना नाव, ना पत्ता.

दहाव्यानंतर दादा शांतपणे एकेक ओळ घेऊन बसला. करापासून सुरुवात केली. अंत्यसंस्कार, दफन, दहन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक, या सेवांवर जीएसटी नसतोच. केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 च्या तिसऱ्या अनुसूचीत हे सरळ लिहिलेलं आहे. कर लावणाऱ्याच्या बिलावर पंधरा अक्षरी-अंकी जीएसटी क्रमांकही हवा. दादाने फोनवर तो क्रमांक मागितला आणि संध्याकाळी 8,298 रुपये परत आले. परत आले ते तेवढेच. बाकीच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला, पण आमच्याकडे दाखवायला नाव नसलेला कागद होता. रुग्णालयात तक्रार केली तर उत्तर मिळालं की तो माणूस आमचा नाही. वॉर्डबॉय त्यांचाच होता, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

प्रमाणपत्राने मात्र आम्हाला सगळ्यात जास्त पळवलं. रुग्णालयात मृत्यू झाला तर त्याची माहिती निबंधकाला कळवणं हे रुग्णालयाचंच काम आहे. मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरने विनाशुल्क द्यायचा असतो, तसं 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे. 21 दिवसांच्या आत कळवलं तर विलंब शुल्क लागत नाही. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने कळवायचं. म्हणजे त्या पाच हजारांत आम्ही काय विकत घेतलं? तर एक चुकीचा फॉर्म. त्या माणसाने रुग्णालयाच्या खिडकीवर बाबांचं नाव आणि आडनाव एवढंच लिहून दिलं, मधलं आजोबांचं नाव गाळलं. आपल्या मराठी घरांत तीन नावं असतात, आणि इथे मध्य प्रदेशात फॉर्म भरणारा मधलं हमखास सोडतो. बाबांच्या पासबुकावर तीन नावं, आधारवर तीन, पेन्शनच्या कागदावर तीन, आणि प्रमाणपत्रावर दोन. बँकेने परत पाठवलं. शपथपत्र, नगर निगमच्या चकरा, दादाची वाढवलेली रजा. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन त्यामुळे अडून राहिलं. तो फॉर्म आपण स्वतः, आधार समोर ठेवून, अक्षर न् अक्षर बघून भरा. ते कुणावरही सोडू नका.

आता कुणाच्या घरी अशी वेळ आली की मी आधी एवढंच सांगते: पैशांचं बोलायला दुसऱ्या कुणाला तरी पुढे करा. मुलगा नको, मुलगी नको, बायको तर नकोच. जावयाचा भाऊ, ऑफिसातला मित्र, शेजारचे निवृत्त गृहस्थ, ज्याला रडू येत नाहीये असा कुणीही. त्याने मुक्तिधामात स्वतः जाऊन लाकूड घ्यावं, समोर तोलून घ्यावं आणि पावती मृताच्या नावाने करून खिशात ठेवावी. साधारण तीन-चार क्विंटल पुरतं, कुणी सहा म्हटलं की का ते विचारावं. शववाहिनी ठरवताना किती किलोमीटर, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे गाडी हलण्याआधी बोलून घ्यावं. कुणी "सगळं मिळून" असा आकडा सांगितला तर त्यात काय येत नाही, ते विचारावं आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागावं. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याला तिथूनच परत पाठवावं. गुरुजी आपलेच बोलवावेत, आपली पद्धत जाणणारे. आणि अस्थी खेडीघाटला न्यायच्या की उज्जैनला, हे घरच्यांनी बसून ठरवावं. आम्हाला त्याच माणसाने हरिद्वारचंही "पॅकेज" सांगितलं होतं. काकांनी नको म्हटलं आणि आम्ही ओंकारेश्वरला नर्मदेवर गेलो.

या सगळ्याआधी, अगदी पहिला फोन, डोळ्यांसाठी.

आईने वर्षश्राद्धानंतर एक कागद लिहून देवघराजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. वर नेत्रपेढीचा नंबर, खाली गुरुजींचा, मग तिचं पूर्ण नाव तीन शब्दांत, आधारवर आहे तसं. शेवटी लिहिलंय की माझंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी डोळे घेतात, कुणी नाही म्हणालं तर ऐकू नये.