पानांची रांगोळी की झाडावरचा मातीचा चेहरा?

सोसायटीच्या बागेत रविवारी दहा-बारा मुलं जमवायची असतील, तर त्यांच्या वयाआधी वारा बघा. वाशी-नेरूळला खाडीच्या बाजूने दुपारकडे वारा सुटला की पानांची रांगोळी उडालीच म्हणून समजा. ती करायची तर सकाळी आठ ते दहा, भिंतीच्या आडोशाला. दीड मीटरच्या वर्तुळाला तांदळाची दहा किलोची पिशवी भरून पानं लागतात. झाडलोट व्हायच्या आत गोळा करा. हिवाळ्याच्या शेवटी देशी बदामाची लाल पानं हवी तेवढी मिळतात. ठाणेकरांनी त्यासाठी येऊर गाठू नये, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. देवळातलं निर्माल्य चालेल, पण त्यातला दोरा आणि जरीचे धागे आधी निवडून काढा. मांडणी मधून बाहेर करत यायची, नाहीतर मधला भाग भरायला मुलं कडेवरच पाय देतात.

मातीच्या चेहऱ्याला वाऱ्याची धास्ती नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना आम्ही हाच सुचवू, कारण नाक वाकडं झालं तर चेहरा उलट जास्त मजेदार दिसतो. एका चेहऱ्याला 300-400 ग्रॅम माती पुरते. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाला गुंडाळा. तुटली तर मातीत वाळू जास्त आहे, थोडी शाडू मिसळा. कुंडीतली कोकोपीटवाली माती घेऊच नका, भुसभुशीत होते. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा.

चेहरे पडतात ते बहुधा कोरड्या सालीमुळे: साल मातीतलं पाणी ओढून घेते आणि चेहरा सुटतो. म्हणून आधी ओल्या हाताने साल भिजवायची, त्यावर पातळ चिखल चोळायचा, मग गोळा दाबून कडा सालीच्या भेगांत सारवायच्या. जाडी दोन सेंटीमीटरच्या आत ठेवा. आंबा, चिंच, वर्षावृक्ष यांची खरखरीत साल उत्तम; पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सोलून निघते. डोळ्यांना गुलमोहराच्या बिया लावा. गुंज आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया विषारी, त्या मुलांच्या हाती देऊ नका. रुईचा चीक डोळ्यात जाऊ शकतो, तीही टाळा. रंग हवाच असेल तर हळद किंवा गेरू.

पानांचं तोरण नऊ-दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी, दाभण लागतो म्हणून. ओवायला ताग किंवा सुती दोरा घ्या. शिलाईचा दोरा बहुतेकदा पॉलिएस्टरचा असतो, तो कुजत नाही. सुती असला तरी दोन दिवसांनी उतरवा, पक्ष्यांचे पाय अडकतात.